पुस्तकं पडू नयेत म्हणून

मित्रांनो, रस्त्यात एखाद्या गाडीने काळा धूर सोडला की तुम्ही नाकाला रुमाल लावता आणि तिला नावं ठेवता. ठेवा, माझी ना नाही. पण त्या धुरामागची गोष्ट ऐकायला कोणी थांबत नाही, म्हणून आज मीच सांगते. मी एक जुनी डिझेलगाडी आहे. माझ्या पोटात पोती नसतात, खोकी नसतात, पुस्तकं असतात. मी फिरतं वाचनालय आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी म्हणजे एक इंजिन, चार चाकं आणि एक रिकामी पत्र्याची पेटी होते. एका सुताराने आत दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या, रंगाऱ्याने मला निळा रंग दिला. मग बाराशे पुस्तकं आली आणि त्यांच्यासोबत दोन माणसं. एक ग्रंथपालबाई आणि एक ड्रायव्हर. बाई त्यांना भाऊ म्हणत. मुलं मात्र त्यांना गोगलगायकाका म्हणत, आणि त्याला कारण होतं.

पहिल्याच दिवशी एका वळणावर वरच्या फळीवरची चाळीसेक पुस्तकं धबाधब खाली आली. एका जाड शब्दकोशाची शिवण उसवली.  बाई खाली बसून पानं गोळा करू लागल्या. ते काकांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी मला असं हाकलं, की जणू माझ्यात काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलंय. सायकलवाले मला सहज मागे टाकत. एकदा तर एका आजोबांनी माझ्या बाजूने चालत चालत खिडकीतून जुनं पुस्तक दिलं आणि नवं घेतलं, आणि दोघांनाही थांबावं लागलं नाही.

थांब्यावर पोचल्यावरही काका इंजिन बंद करत नसत. आतला दिवा आणि पंखा चालू राहावा म्हणून मी तासन् तास मंद घुरघुरत उभी असे. मला ते फार आवडे, खोटं कशाला बोलू? दुपारची उन्हं टपावर पडलेली, मुलं पायरीवर बसून मोठ्याने वाचतायत. कोणाचं जहाज भरकटलंय, कोणी ढगात घर बांधलंय. अर्धवट झोपेत ते सगळं माझ्या पत्र्यात मुरत जाई. हळूहळू मला वाटू लागलं, की मी गाडी नाहीच, मीही त्यातलंच एखादं जहाज आहे आणि माझा रस्ता पाण्याचा आहे. अशी वीस वर्षं गेली. सगळे म्हणत, "भाऊंनी गाडी कशी फुलासारखी जपलीये बघा." मलाही तसंच वाटे.

आणि आत काजळी साचत होती.

यंदा धुराच्या चाचणीत मी नापास झाले. मागच्या नळीत तपासनीसाने यंत्राची दांडी घातली आणि काकांना पॅडल शेवटपर्यंत दाबायला सांगितलं. मी असा काही धूर सोडला, की पलीकडचा चहावाला कपावर हात ठेवून उभा राहिला. काकांना वाटलं, मी बाहेरून मळले असेन. त्यांनी चार दिवस मला घासूनपुसून लख्ख केलं. माझ्या नळीचं तोंडसुद्धा साबणाने धुतलं. पुन्हा नेलं, मी पुन्हा नापास. मग कार्यालयातून पत्र आलं. आणखी एकच संधी. तीही गेली, तर गाडी भंगारात आणि वाचनालय बंद, नवी गाडी मिळणार नाही. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. काका त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये होतो. मिस्त्रीने माझं झाकण उघडलं, हवेचा फिल्टर काढून झटकला, डिझेल फवारणारे नोझल साफ केले, जुनं काळं ऑइल ओतून नवं भरलं. मग फडक्याला हात पुसत त्याने विचारलं, "काका, गाडी शेवटची जोरात कधी पळवलीत?"

"जोरात?" काका म्हणाले. "छे. एकदाही नाही."

"मग बरोबर आहे. हिला आजार नाही, हिला तुम्ही बसवून ठेवलंय. इंजिन नीट तापलंच नाही, तर काजळी जळणार कुठून?"

"अहो, पुस्तकं पडतात."

"पुस्तकं उतरवा. मोठ्या रस्त्यावर तासभर चांगली दामटा आणि गरम आहे तोवर थेट चाचणीला न्या."

काका माझ्या चाकाशी येऊन टेकले. "मी तर हिला जपत होतो," एवढंच म्हणाले. मला त्यांची फार दया आली. मला त्यांच्याशी बोलता येत असतं तर सांगितलं असतं, की मलाही हे कळलं नव्हतं.

बाराशे पुस्तकं गॅरेजच्या ओट्यावर उतरली. पोटात एवढी पोकळी मला पहिल्यांदाच जाणवली. बाई काकांशेजारी येऊन बसल्या. मोठा रस्ता लागला, तरी काका आपले आरशातून मागच्या फळ्यांकडेच बघत होते.

"भाऊ, मागे पडण्यासारखं काही राहिलेलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "दाबा आता."

काकांनी दाबलं.

आधी मी खोकले. काळ्या धुराचा एक मोठा लोट मागे सुटला, मग दुसरा. मग आत कुठेतरी काहीतरी मोकळं झालं. दोन्हीकडची झाडं सरकू लागली, वारा टपावरून वाहू लागला. वीस वर्षं ऐकलेलं जहाज कसं चालत असेल, ते मला तेव्हा कळलं. मी गरम झाले होते, थरथरत होते, आणि मला इतका आनंद झाला होता, की रस्ता संपूच नये असं वाटत होतं. काकांनी आरशाकडे बघायचं कधी सोडलं, ते त्यांनाही कळलं नाही.

चाचणीच्या रांगेत पुढे दोनच गाड्या होत्या. तपासनीसाने आम्हाला ओळखलं आणि आपल्या खोलीची खिडकी आधीच लावून घेतली. चार वेळा दाबायचं होतं. पहिल्या वेळी आकडा हद्दीबाहेर. बाईंनी डोळे मिटले. दुसऱ्या वेळी काठावर. तिसऱ्या वेळी खाली. चौथ्या वेळी काकांनी पॅडल पार तळाला टेकवलं, आणि माझ्या नळीतून जे आलं ते जेमतेम दिसलं.

"पास," तपासनीस म्हणाला आणि त्याने खिडकी उघडली.

परतताना काकांनी सुताराकडून प्रत्येक फळीच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी ठोकून घेतली. पुस्तकं आता पडत नाहीत. एवढी साधी गोष्ट वीस वर्षं आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती, इतके आम्ही जपण्यात गुंतलो होतो. थांब्यावर आता इंजिनही बंद असतं. मुलं उजेडासाठी माझं मागचं दार सताड उघडतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही असं कोणीतरी असेल. "तुम्ही बसा, आम्ही करतो," असं म्हणून तुम्ही प्रेमाने ज्याला बसवून ठेवलंय, असं माणूस. एकदा त्याला विचारा, त्याला बसायचं आहे का.

परवा आम्ही शेवटच्या थांब्यावर तासभर आधीच पोचलो. एकही मूल आलेलं नव्हतं. काकांनी इंजिन बंद केलं, इकडेतिकडे पाहिलं, मग फळीवरून एक पुस्तक काढून माझ्या पायरीवर बसले. वीस वर्षांत त्यांनी माझ्यातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता. मुलं आली तेव्हा काका बाविसाव्या पानावर होते, आणि त्यांनी मुलांना थोडं थांबायला सांगितलं.