न पुसलेली तक्रार

हिरामणच्या बायकोनं, वेणूबाईनं दिलेला चहा अस्मितानं घेतला आणि तसाच जमिनीवर ठेवला.

"हिरामणकाका, कोंडाजीकाकांनी तुमचं नाव कंपनीत सांगितलं नाही. माझ्यामुळे गेलं ते."

हिरामण हसला. त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटलं.

युनियनच्या वेबसाइटवरचा तक्रारीचा फॉर्म तिनंच केला होता. कारखान्यातल्या गॅसबद्दल कामगारांनी लिहावं आणि कंपनीला नाव कळू नये, एवढाच हेतू. माणसं मोरिवलीच्या सायबर कॅफेत बसून एका बोटानं टाइप करत, अर्धं पान होईतो लाइट जाई आणि सगळं गडप. म्हणून लिहिलेलं ब्राउझरमध्येच जपायचं तिनं ठरवलं. ब्राउझरच्या कुकीत, म्हणजे छोट्याशा नोंदीत, एवढा मजकूर मावेना. नव्या ब्राउझरमध्ये दोन सोयी होत्या: एकीतलं खिडकी बंद होताच पुसलं जाई, दुसरीतलं कुणी मुद्दाम पुसेपर्यंत राही. भारनियमनाला पुरून उरेल म्हणून तिनं दुसरी घेतली आणि स्वतःवर खूशही झाली. तिच्या ऑफिसात ज्याचा त्याचा कॉम्प्युटर होता. सायबरमध्ये एकाच खुर्चीवर दिवसाला वीस माणसं बसतात, हे शहाणीच्या डोक्यातच आलं नाही.

"तुमच्यानंतर कंपनीचा टाइमकीपर तिथं बसला. फॉर्म उघडला तर तुमची तक्रार, नावासकट. प्रिंट काढून घेऊन गेला. सायबरवाल्यानं काल सांगितलं मला."

"म्हणजे नोकरी गेली ती..."

"हो, काका."

हिरामणचा चेहरा उतरला. मग त्यानं मान हलवली.

"छे. कोंडाजीनं स्वतः कबूल केलंय. विहारात, सगळ्या बुवापाड्यासमोर हात जोडले माझ्यापुढं. केलं नाही तर कबूल कशाला करेल माणूस?"

हे अस्मिताला ठाऊक नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानं मान पुढे केलेली.

वेणूबाई स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती.

"त्याच्या मालिनीचं लग्न ठरलेलं ना. सगळ्यांनी बोलणं टाकल्यावर ते मोडायला आलं. माफी मागितली तर टिकेल, असं त्याच्या बायकोनं, गोदूबाईनं त्याच्या मनात भरवलं."

"तुला ठाऊक होतं?" हिरामणनं विचारलं.

"त्यानं केलं नसणार, एवढं कळत होतं. तुमच्यापुढं बोलायची सोय होती का?"

"मग लग्न?" अस्मितानं विचारलं.

वेणूबाईनं स्टोव्हची हवा सोडली.

"परवा निरोप आला. पोराकडचे म्हणाले, बापानं चारचौघांत कबूल केलंय, फितुराची पोर कशी करायची?"

हिरामण उठून दारापर्यंत गेला. कोंडाजीचं घर पलीकडे तिसरंच. एक चप्पल पायात घालून तो उंबऱ्यावर खाली बसला.