किती बारीक जाळं

…नखाएवढं, पण डोळे मात्र पुरते उघडे — ओंजळीतलं माशाचं ते बीज आपल्याकडेच बघतंय असं इस्तारीला वाटलं आणि त्याला हसू आलं. तो गुडघाभर पाण्यात उभा होता, शेजारी बीजानं भरलेली प्लास्टिकची फुगीर पिशवी तरंगत होती आणि काठावर ढिवरांच्या मासेमारी सोसायटीची माणसं त्याच्या हाताकडे डोळे लावून बसली होती.

गावाची रीतच तशी. श्रावणात तळ्यात बीजाची पहिली ओंजळ जो सोडील, त्यानं वैशाखात मासे निघेपर्यंत तळं राखायचं. बारा वर्षं हा मान इस्तारीचा. गेल्या साली मात्र त्यानं हात मागे घेतला… नाकाच्या मागे कॅन्सरची गाठ, मानेत दुसरी, नागपूरला रोजचे किरणांचे शेक घ्यायचे — वैशाख कुणी पाहिला होता?

काल तो बायकोला, कुंताला घेऊन नागपूरला जाऊन आला. या गाठीत एक विषाणू दडलेला असतो, त्याचे तुकडे रक्तात सांडतात, ते मुंबईच्या लॅबमध्ये मोजतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं. शेकांनंतर ते नाहीसे झाले तर पुढचं बरं. पुन्हा दिसू लागले तर गाठ डोळ्यांना दिसायच्या आधीच सावध व्हायचं. आधी हजारांत होते. काल डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला — लागोपाठ तिसऱ्यांदा शून्य. कुंता तिथेच खुर्चीवर रडली. इस्तारी मात्र जन्म जाळं टाकण्यात गेलेला माणूस. जाळं रिकामं आलं म्हणून तळं रिकामं म्हणणारा ढिवर त्यानं अजून पाहिला नव्हता.

"डाक्टरसाहेब," तो म्हणाला होता, "तुमचं जाळं किती बारीक हाये?"

डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. "खूप बारीक आहे, इस्तारीभाऊ. पण त्यातूनही निसटू शकतं. म्हणून तर दर तीन महिन्यांनी टाकायचं."

हे उत्तर त्याला शून्यापेक्षा आवडलं होतं. परतताना मूल गावापर्यंत एस.टी.त कुंता त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि तो शेकांनी कोरड्या पडलेल्या तोंडात घोटघोट पाणी घेत एकटाच हसत होता — निसटू शकतं म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलेल…

ओंजळ गळू लागली, म्हणून त्यानं ती पुन्हा पिशवीतल्या पाण्यात बुडवून भरून घेतली. काठावरून कुंता हळूच म्हणाली, "मन नाई होत तं लटारूभाऊले देऊन द्या. कोनी काई म्हननार नाई."

लटारूला? त्याची नजर सांडव्याकडे गेली. गेल्या साली लटारूच राखणदार होता, आणि त्या आळशानं सांडव्याचा बांबूचा तट्टा कुजू दिला होता… भादव्यात तळं भरून वाहिलं की हे सारं बीज तिथून सटकन जाईल, आश्विनात गवत माजेल ते वेगळंच, चैत्रात पाणी उतरलं की बगळे टपलेले, आणि हा लेकाचा बिडी फुंकत बसणार — काय राखलं तळं! मी एवढी वर्षं जीव लावून… इस्तारीला राग आला, चांगला सणसणीत, आजारापूर्वी यायचा तसा.

आणि तो थबकला. वर्षभर त्याचं मन तीन महिन्यांच्या पुढे गेलंच नव्हतं. एका तपासणीपासून दुसरीपर्यंत, बस. आज ते कुणालाही न विचारता, त्या कागदालाही न विचारता, थेट चैत्रापर्यंत जाऊन भांडून आलं होतं! शून्यावर त्याचा विश्वास अजूनही बसला नव्हता, पण त्यावाचून काही अडतंय असं आता वाटत नव्हतं.

कार्तिकात पुन्हा रक्त द्यायचं होतं, तेव्हा काय निघेल ते निघेल. पण तट्टा त्याआधी व्हायला हवा, याच आठवड्यात. आणि बांबू तर लटारूलाच खांद्यावरून आणायला लावायचे, तो कितीही कुरकुरला तरी — असं ठरवताना इस्तारीला इतका आनंद झाला, की काठावरची माणसं कशासाठी थांबली आहेत हेच तो क्षणभर विसरून गेला.