डाव्या अंगाची जागा

रत्नदीपने काचेच्या कपाटातून आणखी एक कॅमकॉर्डर काढला, फडक्याने पुसला आणि प्रफुल्लच्या तळव्यावर ठेवला.

"हा बघा सर. सेकंडहँड आहे, पण झूम एकदम कडक. समोरच्या बिल्डिंगवरचा कावळा डोळा मारताना दिसेल."

प्रफुल्ल लगेच दुकानाच्या दारात जाऊन कावळा शोधायला लागला. नौपाड्यातल्या त्या गल्लीत कावळा काही सापडेना, पण समोरच्या गॅलरीत वाळत टाकलेल्या टॉवेलवर कुठल्यातरी लॉजचं नाव छापलेलं होतं, ते त्याला वाचता आलं आणि गडी खूश झाला.

भावनाने कपाळाला हात लावला.

"अहो, टॉवेल कसले वाचताय? आवाज कसा येतो ते विचारा आधी."

"विचारतो गं. बघू तर दे."

"बघायला नाही आलोय आपण, ऐकायला आलोय."

रत्नदीप हसला. कॅमेरा घ्यायला येऊन आवाजावर भांडणारी माणसं त्याच्याकडे रोज येत नसावीत. आजकाल कॅमेरा घ्यायलाच कोण येतं म्हणा, सगळ्यांच्या खिशात मोबाइल असतो. प्रफुल्लच्याही होता. मागे एका लग्नात त्याने मोबाइल धरला तर ऐन रंगात कर्ज हवंय का विचारणारा फोन आला, आणि पुढे तो मोबाइल असा तापला की आपणहून बंद पडला. तासभर चालणारं गाणं त्याला पेलवणारं नव्हतं.

आणि पेलायचं होतं ते सगुणाचं गाणं. सगुणा म्हणजे प्रफुल्लची आई. आत्ता ती दाराजवळच्या स्टुलावर बसलेली, मांडीवर हॉस्पिटलची पिशवी, गळ्याभोवती पदर घट्ट ओढलेला. आंबिवलीच्या आसपासच्या आगऱ्यांच्या गावांत तिला सगळे धवलारीण म्हणून ओळखत. भटजीच्या आधी ती मांडवात यायची. देवांना आवतण देण्यापासून नवऱ्याची हळद उतरवण्यापर्यंत लग्नातलं एकेक काम तिने धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हटल्याशिवाय पुढे सरकत नसे. तिच्या धवल्यांवर लागलेल्या लग्नांतल्या पोरांची आता लग्नं होत होती.

तासाभरापूर्वी डॉक्टरांनी गळ्याच्या गाठीचे रिपोर्ट बघून सांगितलं होतं, "गाठ काढावीच लागेल. बोलता येईल आजींना. गाता येईलच असं मात्र मी सांगू शकत नाही."

ऑपरेशन मंगळवारी होतं. त्याआधीच्या रविवारी जयेशची, म्हणजे प्रफुल्लच्या चुलतभावाची हळद. धवले होईपर्यंत डीजे बंद ठेवायचं जयेशने कबूल केलेलं. तेवढी एकच हळद हातात होती.

भावनाला सलत होतं ते वेगळंच. घरात लग्नांच्या सीड्यांचा ढीग होता आणि जवळजवळ प्रत्येकीत सगुणा होती. चौरंगाशी बसलेली, तोंड हलवणारी. आवाज मात्र कुठल्याच सीडीत नव्हता, कारण शूटिंगवाल्याने सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली. भावनाच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा हळद लागताना सगुणाचे ओठ हलत होते आणि वर कुठलातरी हिरो प्रेमाची कबुली देत होता. ती गाणी प्रफुल्लने हौसेने निवडून दिली होती. हौसेला मोल नाही म्हणतात, तसंच झालेलं. काल भावनाने ती सीडी लावली आणि समिधाने, त्यांच्या मुलीने, विचारलं, "आई, आजी काय बोलते इथे?" अख्खा हॉल रडत होता एवढंच भावनाला आठवत होतं. समिधाच्या लग्नात कोण म्हणणार, या विचाराने तिचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

"आवाजासाठी हा घ्या मग," रत्नदीपने एक लहानसा, कडेला पोचे आलेला कॅमेरा काढला. "झूम कमी. पण याला बाहेरून माइक लावता येतो. पदराला अडकवायचा, बस."

"हा?" प्रफुल्लचं तोंड उतरलं. "हा तर खेळण्यातला वाटतो."

"तोवाला तुमच्या बजेटच्या जरा वर जातो सर, आणि त्याला माइकची जागाच नाही."

प्रफुल्ल झूमवाला सोडेना. एका हातात तो, एका हातात हा, असं त्याचं घोडं अडलं. तेवढ्यात रत्नदीपनेच तोड काढली. त्याने लहान कॅमेऱ्याला माइक जोडला, सगुणाच्या पदराला चिमटा लावला आणि हेडफोन भावनाच्या हातात दिले.

"आजी, काहीतरी बोला. टेस्टिंग."

"काय बोलू?"

"काहीपण. गाणं म्हणा एखादं."

प्रफुल्ल आणि भावना एकमेकांकडे बघायला लागले. घरी महिनाभर दोघांनी विनवण्या केल्या होत्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. मांडव नाय, हलद नाय, उगाच कनाला बोलू, हे एकच उत्तर. जानेवारीत मालनकाकी गेली, प्रफुल्लची चुलती, तेव्हापासून तर म्हातारी लग्नांचीही आवतणं परतवत होती. गळा दुखतो म्हणायची. जयेशची हळद घरचीच, तिला नाही म्हणता येईना म्हणून तेवढ्याला हो म्हणालेली.

सगुणाने पदराच्या चिमट्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, आणि काय वाटलं तिला कोण जाणे, म्हणाली.

"पयलं आवतन धारिलं उल्हास माऊलीला गो..."

हेडफोनमधून तो आवाज थेट भावनाच्या कानात शिरला, चिरका, जाडसर, ओळीच्या शेवटी वर चढून थांबणारा. बाहेर रिक्षा हॉर्न देत होत्या, पण आत श्वाससुद्धा ऐकू येत होता.

उल्हास नदीच्या आवतणाची ओळ संपली. सगुणा थांबली.

"वा आजी! क्लिअर आहे ना मॅडम?"

"आय, म्हण ना पुरं," प्रफुल्ल म्हणाला.

सगुणाचे डोळे मिटलेलेच होते. तिने मान किंचित डावीकडे वळवली आणि तशीच राहिली. तिथे दुकानाची भिंत होती, आणि भिंतीला टेकवलेले दोन ट्रायपॉड.

"दमली बहुतेक," प्रफुल्ल पुटपुटला.

भावनाला मात्र हेडफोनमध्ये ऐकू येत होतं. ती दमली नव्हती. तिने पुढच्या ओळीचा श्वास घेऊन ठेवला होता आणि ती वाट बघत होती.

डाव्या अंगाला मालनकाकी बसायची. कायम. तिचं काम एवढंच, की सगुणाने म्हटलेली ओळ तशीच्या तशी पुन्हा म्हणायची. बायका तिची थट्टा करायच्या, मालनला अर्धाच धवला येतो, तोही उसना. मानाचं लुगडं सगुणाला, मालनच्या हातात नुसता नारळ. ती गेली तेव्हा धवल्याचं काही अडेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. धवलारीण तर होती की घरात.

सगुणाने डोळे उघडले.

"राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "कोनी झेललं नाय तर पुरची ओल येत नाय मना. मालन होती तवर येत होती."

"मग आधी सांगायचं नाय का आय?" प्रफुल्लचा आवाज चढला. "आम्ही इथं मशीनी शोधतोय."

"काय सांगू? आखा जनम धवलं बोलली, आनि एकलीला येत नाय म्हनू? हसतील ना रं लोकं."

प्रफुल्लने हातातला झूमवाला काउंटरवर ठेवला. रत्नदीप उगाचच काच पुसायला लागला.

भावनाने हेडफोन काढून प्रफुल्लच्या कानांवर चढवले आणि लहान कॅमेरा त्याच्या हातात दिला. ट्रायपॉड बाजूला सारले, कोपऱ्यातलं एक खोकं ओढलं आणि सासूच्या डाव्या हाताला जाऊन बसली. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली ती. शाळेत गाण्याच्या तासाला बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तिने घसा खाकरला.

"पयलं आवतन... धाडिलं..."

"धाडिलं नाय गो, धारिलं. आनि नरड्यातून नको, पोटातून."

"पयलं आवतन धारिलं उल्हास माऊलीला गो..."

सूर कुठल्या कुठे गेला होता. सगुणाच्या चेहऱ्यावर आंबट काहीतरी खाल्ल्यासारखा भाव आला. पण तिने डोळे मिटले, आणि ठेवलेला श्वास सोडला.

"माऊलीच्या संगं साती बहिनीला गो..."

भावनाने झेललं. मग त्या पुढची. मग त्या पुढची. दारात एक बाई रिक्षाची वाट बघत उभी होती ती वळून बघायला लागली. कॅमेरा धरलेला प्रफुल्ल एकदाही झूमच्या बटणाकडे गेला नाही. डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसायला मात्र त्याला मान वाकडी करावी लागली.

देवांची आवतणं संपली तेव्हा सगुणाने पाणी मागितलं. अर्धा ग्लास प्यायली आणि उरलेला भावनापुढे केला.

"आईतवारपरयंत रोज बसाचं. मालनला चार पावसाले लागलं व्हतं."

"बसते, आय."

रत्नदीपने काउंटरवरचा झूमवाला पुढे सरकवला. "मग सर, काय करू? झूमवाला पॅक करू?"

प्रफुल्लने हेडफोन काढले.

"तो राहू दे. हा लहानच द्या," तो म्हणाला. "आणि माइक दोन लागतील."