मापाड्याचा खोकला

तरणाताठा माणूस भर दुपारी दुसऱ्याच्या गच्चीवर पालथा पडून चिमणीसारखे आवाज काढतो आणि घरात कुणालाही त्यात वावगं वाटत नाही, ही आजींची मुख्य तक्रार होती. बाकीच्या तक्रारी तिच्या मागोमाग रांगेत उभ्या होत्या. तो चहा गार करून पितो. चपला दारात आडव्या टाकतो. आणि समोरचा माणूस बोलत असताना मध्येच मान वाकडी करून खिडकीबाहेर कान लावतो, जणू बाहेरचा बुलबुलच काय ते मुद्द्याचं बोलतोय.

"उद्या लग्नाच्या कागदावर सही करायला बसला आणि बाहेर कावळा ओरडला, तर हा पेन घेऊन खिडकीशी जाईल," आजी सुनेला म्हणाल्या.

"पण तुम्ही अजून हो कुठे म्हणालाय, आई?"

"त्यासाठीच म्हटलं नाही."

घर बियाण्यांच्या धंद्यातलं. खाली दुकान, दुकानामागे पाकिटं भरायची लांबट खोली, वर राहायचं आणि सगळ्यात वर गच्ची. गच्चीवर चादरी पसरून सूर्यफूल, भोपळा, मुळा असली बियाणी वाळायला घातलेली असत. जिथे बी तिथे पाखरं, आणि जिथे पाखरं तिथे हा पाखरूवाला. कुठला पक्षी कुठल्या पक्ष्याचं ऐकतो याचा अभ्यास करायला गच्चीचा कोपरा हवाय म्हणून तो आला होता. आजींनी मनात म्हटलं, बसू दे, फुकटचं बुजगावणं मिळालं. पण गच्चीवर बी उलथायला नात जात असे. खाली ओल्या कागदात बी घालून किती रुजतं ते बघायचं कामही तिचंच. पाखरं राहिली बाजूला, या दोघांनी एकमेकांचं ऐकायला सुरुवात केली.

मग एक दिवस नात समोर येऊन उभी राहिली. "आजी, तू हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. पण तू नाही म्हणालीस तर दुसऱ्या कुणाशीही करणार नाही."

धमकी कशी द्यावी हे पोरगी शिकली होती आणि कुणाकडून शिकली तेही उघड होतं. आजी मनातून खूश झाल्या, पण चेहरा होता तसाच ठेवून म्हणाल्या, "बियाणं वाळेपर्यंत बघते. मग सांगते."

त्यांची अडचण एकच होती आणि ती चपलांची नव्हती. आजोबांनी जन्मभर रेडिओ ऐकला. बाजारभाव ऐकले, हवामान ऐकलं, कुठल्या कुठल्या समुद्रातली वादळं ऐकली. शेजारी बसलेल्या बायकोचं एक वाक्य शेवटापर्यंत ऐकलं नाही. ज्याला लांबचं ऐकू येतं आणि जवळचं येत नाही, असा दुसरा माणूस या घरात आणायचा नाही, हे आजींनी ठरवून टाकलं होतं. आणि या माणसाचं तर सगळं शिक्षणच लांबचं ऐकण्यात झालेलं.

बियाणं जवळजवळ वाळलं होतं, तेव्हाची गोष्ट. आजी गच्चीवर आल्या. नात भोपळ्याच्या बिया हाताने सारख्या करत होती. पाखरूवाला टाकीच्या सावलीत एक लहानसा डबा घेऊन बसला होता. त्याने बटण दाबलं. डब्यातून साळुंकी कर्कश ओरडली आणि सूर्यफुलावर तुटून पडलेल्या चिमण्या एका झपाट्यात उडून गेल्या.

आजींनी चहूकडे पाहिलं. "साळुंकी कुठाय?"

"नाहीच. नुसता आवाज. शिकारी शिक्रा दिसला की साळुंकी अशी ओरडते."

"साळुंकी ओरडली तर चिमण्यांनी का पळायचं? त्यांना काय साळुंकीची भाषा येते?"

"भाषा नाही येत, आजी, पण अर्थ कळतो. शेजारी राहून राहून कळतो. हा आवाज झाला की मागून शिक्रा येतो, हे पाहिलेलं असतं. लांबून आलेलं नवीन पाखरू असेल तर त्याला कळत नाही, ते खातच बसतं."

"मग शिक्रा त्यालाच उचलतो."

"कधी कधी. पण इतरांना पळताना पाहून बहुतेक शिकतात. आता मीच बघा ना. नवीन होतो तेव्हा खाली दुकानात मापाडीकाका खोकले की वाटायचं, धुळीचा त्रास आहे बिचाऱ्यांना..."

तो थांबला. बियांवरचा नातीचा हातही थांबला.

"आणि आता काय वाटतं?" आजींनी विचारलं.

पाखरूवाल्याने आभाळाकडे पाहिलं. एरवी त्याला बोलता बोलता थांबवायला हजार पाखरं येत, आज एक येईना. "आताही... धुळीचाच."

आजी बी उलथून खाली आल्या आणि पलंगावर बसून विचार करू लागल्या. शाळेत त्या फारशा गेल्या नव्हत्या, पण दोन आणि दोन चार करायला त्यांना शाळा कधी लागली नव्हती.

दुकानातला मापाडी म्हणजे जुना माणूस, तराजू त्याच्या हातात. आजी जिना उतरून वळणापर्यंत आल्या की तो खोकायचा. दोन आखूड आणि एक लांब. इतकी वर्षं आजींना वाटत आलं, छातीचं दुखणं आहे. त्या स्वतः कसल्या कसल्या कडू मुळ्या उकळून त्याच्यासाठी पेलाभर औषध आणत आणि ते संपेपर्यंत समोर उभ्या राहत. मापाडी डोळे मिटून ते पीत असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकत असे. मग आजी मुळ्या वाढवत.

आणि खोकल्यानंतर काय व्हायचं? खाली पाऊल टाकलं की माणूस न् माणूस कामात बुडालेला. लोकांना त्या अभिमानाने सांगत, माझ्या दुकानात कुणाला काम सांगावं लागत नाही. आता कळलं, सांगावं का लागत नव्हतं. आख्खं घर चिमण्यांचं, आणि शिक्रा कोण? आजी उठल्या, आरशात बघून आल्या. नाक थोडं बाकदार होतं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिन्याने उतरल्याच नाहीत. मागच्या अंगणातून गोदामात शिरल्या, पाकिटांच्या खोलीच्या दाराशी रचलेल्या पोत्यांआड उभ्या राहिल्या आणि फटीतून पाहू लागल्या. पाकिटं भरणाऱ्या बायका पाय पसरून एकमेकींच्या बहिणींची लग्नं जुळवत होत्या. हमाल मुळ्याच्या पोत्यांवर डाराडूर झोपला होता. सूनबाई कादंबरीत अशी बुडाली होती की वरून पाणी ओतलं तरी कळलं नसतं. ज्याला डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं तो आजींचा लेक क्रीमचं बिस्किट उघडून आधी मधलं चाटत होता. पन्नाशी उलटलेला माणूस. मापाडी तराजूपाशी, आणि पलीकडे रुजवणीच्या टेबलाशी नात आणि पाखरूवाला, मध्ये ओल्या कागदाची ताटली.

आजींनी पदर तोंडाशी धरला आणि खोकल्या. दोन आखूड, एक लांब.

पुढे जे झालं ते बघायला आजींनी तिकीटसुद्धा काढलं असतं. बायकांचे पाय आत गेले आणि भावी नवरेमुलगे तिथेच वाऱ्यावर राहिले. कादंबरी काकडीच्या पाकिटांखाली गेली. लेकाने बिस्किट नमुन्यांच्या खणात घेवड्यावर ठेवून खण ढकलला. हमाल झोपेतच उठला, पोतं उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. सगळ्यात गंमत मापाड्याची झाली. त्याने दचकून स्वतःच्या गळ्याला हात लावला. खोकला झाला होता, आणि आपण तर खोकलो नव्हतो.

पाखरूवाला मात्र जागचा हलला नाही.

"ऊठ ना," नात दबक्या आवाजात म्हणाली. "पुढच्या दाराने जा. आजी येतेय."

"थांब जरा. हा काकांचा खोकला नाही."

"खोकल्यात काय काकांचा नि मामांचा?"

"काकांच्या खोकल्याला शेवटी बारीक शीळ असते. याला नाही. शिवाय काका तराजूपाशी आहेत आणि आवाज पोत्यांमागून आला. हा खोटा इशारा आहे. कोतवालाच्या जातीतले काही पक्षी असं करतात, दुसऱ्याचा आवाज काढून सगळ्यांना पळवून लावतात."

"कशाला?"

"बाकीचे टाकून पळाले की त्यांचा खाऊ आपण खायचा."

आजी पोत्यांआडून बाहेर आल्या. खोलीत टाचणी पडली असती तरी तिने माफी मागितली असती. त्या सावकाश चालत नमुन्यांच्या खणापर्यंत गेल्या, खण उघडला, घेवड्यातून बिस्किट काढलं, झटकलं आणि खाल्लं. मग मापाड्याच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

आता भूमी दुभंगेल असं सगळ्यांना वाटलं. भूमी दुभंगली नाही. आजी नुसत्याच बसून होत्या. त्या बसलेल्या पाहून पहिला पुढे आला तो मापाडी.

"मोठ्याबाई, चूक झाली. पण आता सगळं कळलंच आहे तर ते औषध तेवढं बंद करा. त्याच्या पायी चवच गेली हो तोंडाची."

"सुंठीवाचून गेला म्हणायचा तुझा खोकला," आजी म्हणाल्या. "बरं, बाकीच्यांचं काय?"

बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. एकदम सगळे पुढे सरकले आणि एकदम बोलू लागले. ज्या दोन बायकांचं पाकिटांच्या डिंकावरून कालच वाजलं होतं त्यासुद्धा एका सुरात बोलत होत्या. आणि बोलत होते ते कुणी स्वतःबद्दल बोलत नव्हतं, पाखरूवाल्याबद्दल बोलत होतं. पंख्याचा आवाज बदललाय, त्याखाली बसू नका, असं त्याने सांगितलं आणि संध्याकाळी पातं निखळलं. सूनबाई म्हणाली, "मी दमले की माझा आवाज खाली जातो म्हणे. मलाही माहीत नव्हतं. न सांगता हातातली परात घेतली माझ्या. तुमच्या चिरंजिवांना इतक्या वर्षांत कळलं नाही." चिरंजीव ओठाला लागलेलं क्रीम पुसत म्हणाले, "मुलगा चांगला आहे, आई."

आजींनी हात वर केला. कुणी गप्प झालं नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

"अहो पाखरूवाले," आजी त्या गलक्यातूनच म्हणाल्या. "ही पाखरं अशी का वागतात, तेही सांगा. मघाशी तर पळत होती."

"शिक्रा उडता असला तर पळायचं असतं," तो चाचरत म्हणाला. "तो बसलेला दिसला, की पळत नाहीत. एकाने हाक दिली की सगळ्या जातींची पाखरं येतात, एरवी भांडणारीसुद्धा. आणि जमून त्याच्यासमोर कलकलाट करतात."

"कुठवर?"

"तो कंटाळून उठेपर्यंत."

"म्हणजे शिक्रा मीच."

"बसलेला," तो म्हणाला. यावर नातीने कपाळाला हात लावला.

आजींना हसू आलं, पण ते त्यांनी बिस्किटासारखंच गिळलं. मग खोली शांत व्हायची वाट पाहिली. ती झाल्यावर विचारलं, "पंख्याचं ऐकलंत. परातीचं ऐकलंत. माझ्या नातीचं काय ऐकलंत ते सांगा. आणि गोड गोड सांगू नका, ती काय आहे ते मला माहीत आहे."

खिडकीबाहेर एक बुलबुल जीव तोडून ओरडत होता. पाखरूवाल्याची मान तिकडे वळली नाही.

"रागावली की ती हळू बोलते," तो म्हणाला. "जितकी हळू, तितका राग. आणि घाबरली की मोजते. मोजून झालेलंच पुन्हा, ओठांतल्या ओठांत. तुम्ही बियाणं वाळेपर्यंत बघते म्हणालात ना, तेव्हापासून ती ही एकच ताटली मोजतेय. यातलं बी केव्हाच रुजलंय."

आजींनी ताटलीकडे पाहिलं. ओल्या कागदावर कोंब चांगले बोटभर वर आले होते आणि एकमेकांत गुंतले होते. पोरगी मन लावून काम करतेय, असं त्या रोज येता-जाता पाहून म्हणत होत्या. नातीने ताटली हाताने झाकली. तिच्याकडे न पाहता आजी उठल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि त्या माणसाकडे वळल्या.

"लग्न करा," त्या म्हणाल्या. "कान तुझे चांगले आहेत. त्यांना जोडलेला बाकीचा माणूस यथातथाच आहे, पण तेवढं माझी नात निस्तरेल."