तापणं हे माझं कामच आहे
"काढूनच टाकतो वहिनी याला! नुसता तापतो आणि अख्खा टॉवर बंद पाडतो!"

"भाऊजी, पाना खाली ठेवा. शोभेला नाही बसवलेला तो."

"मग पलीकडच्या नव्या टॉवरमध्ये का नाहीये? त्यांचं काय अडलंय?"

मित्रांनो, ज्याच्यावरून पवनचक्क्या दुरुस्त करणाऱ्या या दीर-वहिनीची जुंपली होती तो मी. एक जुना रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा रोधक. पवनचक्कीच्या पायथ्याशी, लोखंडी कपाटात राहणारा. चिनीमातीची नळी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार, एवढाच माझा पसारा. मला हात नाहीत, म्हणून भाऊजी वाचले.

मला गुंडाळलं कारखान्यातल्या एका बाईने. तिची सवय अशी, की तार चढवायच्या आधी प्रत्येक नळी नखाने वाजवून बघायची. तडा असला की आवाज बद्द येतो. माझा खणखणीत आला, मी पास. शेजारचा गेला भंगारात.

पुढे आम्ही तिघे भाऊ या कपाटात आलो. आमचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून सांगतो. वाऱ्याची वीज लाईनवर जायच्या आधी कन्व्हर्टर नावाचं मशीन तिला वळण लावतं. तरी तिच्यात बारीक खरखर उरतेच. ती गाळायला इथे तारेची एक कॉईल आहे आणि वीज साठवणारे कपॅसिटरचे डबे आहेत. दोघंही कामाचे, पण एकत्र आले की वात्रट. ठरावीक लयीत धक्का बसायचा अवकाश, वीज एकमेकांकडे फेकत बसतात. तू घे, मी घेतो, अजून जोरात! झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की तो चढतच जातो ना, तसं. त्या झोपाळ्यावरून जमिनीला घासणारा पाय म्हणजे मी. झोका उतरतो, पण तळवा भाजतो. तो भाजलेला तळवा माझा.

टॉवर नवा होता तेव्हा एकदा मशीन बंद करून थोरल्या इंजिनियरने दार उघडलं, आमच्याजवळ तळहात आणला आणि म्हणाला, "गरम आहेत. म्हणजे कामावर आहेत." झालं. जन्मात कौतुक झालं ते एवढंच.

नंतर सगळे विसरले. कपाटाच्या मागे पंखा आहे, पंख्यावर जाळी आहे, हेही विसरले. माझी धग बाहेर जाईना. कपाट तापलं की टॉवर आपोआप बंद. परत चालू, परत बंद. शेवटी सबस्टेशनच्या साहेबांनी दम भरला, "आता एकदा जरी आपोआप बंद पडला, तर लाईनवरूनच काढतो." भाऊजींच्या एकट्याच्या हातात दिलेला हा पहिलाच टॉवर. त्यांचा जीव टांगणीला. आणि सगळा राग कुणावर? तापतो त्याच्यावर!

"टॉवर माझा आहे, वहिनी," ते म्हणाले.

"बरं. मग मी या लाल बटणापाशी उभी राहते."

भाऊजींनी वीज तोडली, कुलूप लावलं, डबे रिकामे झालेत का तपासलं. त्यात ते पक्के. मग आम्हा तिघांना काढलं आणि आमच्या जागी तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या. मी हत्यारांच्या पेटीवर पडून बघत होतो. ओरडून सांगणार होतो, की अहो, नव्या टॉवरमध्ये झोका चढला की कन्व्हर्टरचा प्रोग्रॅमच उलटा धक्का देतो. आपल्या म्हाताऱ्या कन्व्हर्टरला कुठे येतंय ते? पण तोंड कुठे आहे मला?

टॉवर सुरू झाला. "बघा, लोण्यासारखा चालतोय!" भाऊजी खूश. एवढ्यात वारा वाढला. कपाटातून आधी बारीक, मग कान किटवणारा सूर निघायला लागला.

"भाऊजी, मागे व्हा!"

"अहो, थोडा आवाज असतोच—"

"मागे व्हा म्हणते ना!" वहिनींनी एका हाताने त्यांची कॉलर ओढली आणि दुसऱ्याने बटण दाबलं. सगळं गप्प.

वीज तोडून, पुरेसं थांबून दार उघडलं, तर एका डब्याचं झाकण टम्म फुगलेलं. आणखी थोडा वेळ चालला असता तर तो फुटलाच असता. भाऊजींचं तोंड मघाशी त्याच्या समोरच होतं.

तेवढ्यात फोन वाजला. सबस्टेशनचे साहेब. "पडला ना बंद?"

भाऊजींनी फोन तसाच वहिनींपुढे धरला. वहिनींनी फोन घेतला. "पडला नाही, साहेब. मी बंद केला. डबा बदलून संध्याकाळी चालू करतो."

"आपोआप नाही ना पडला?"

"नाही."

"मग करा चालू. पण माझी नजर आहे."

फोन ठेवून वहिनी कपाटामागे गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "भाऊजी, इकडे या. हे बघा तुमचं दुखणं." जाळीवर धुळीची गोधडी, त्यात गवताचं बी, पाखराची पिसं. भाऊजींनी जाळी सोडवली. ती बाहेर नेली आणि दगडावर आपटून आपटून झाडली. मग नवा डबा बसवला.

वहिनींनी मला उचललं आणि नखाने वाजवलं. मी खणखणीत वाजलो. मीटरही लावला. "ठणठणीत आहे. घ्या."

"हा आधी," भाऊजी म्हणाले आणि मला दोन्ही हातांत धरून आत नेलं.

मित्रांनो, घरात, वर्गात, कामावर कुणी तापलेला दिसला तर लगेच पाना घेऊन धावू नका. आधी मागे जाऊन त्याची जाळी बघा. बरंच सांगायचं होतं, पण शेवटचा बोल्ट आवळला, पंखा फिरला, कपाटाचं दार लागतंय. निघतो, वारा आलाय.