सुनयनाचा हात आणि माझी हिरवी तार

मी एक जुना, जळका सर्ज प्रोटेक्टर आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी माझं अंग काडेपेटीएवढं. शाळेच्या पुस्तकात आमच्या कुळाचा उल्लेख नसतो, म्हणून ओळख मीच करून देतो.

जैनथ गावाजवळ कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग मिलमध्ये माझी सगळी नोकरी झाली. कापसाच्या गाड्या जिथे तोलतात त्या काट्याच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, आणि पटांगणापलीकडे कचेरीत दुसरा. दोघांमध्ये लांबलचक सिरियल केबल. काट्यावरचं वजन तिच्यातून एकेक आकडा करत कचेरीत पोहोचायचं. पण आभाळात वीज कडाडली की त्याच केबलमधून नको तेवढा विद्युतदाब धावत यायचा. तो वाटेत अडवून जमिनीत सोडणं हे माझं काम. त्यासाठी माझ्या पाठीला एक हिरवी तार होती. ती बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यात उतरायची. ती नसेल तर मी नुसती डबी.

माझ्या आधी हे काम सुनयनाचा हात करायचा. सुनयना काट्यावर वजनं नोंदवायची. गडगडायला लागलं की मशीन वाचावं म्हणून ती धावत जाऊन केबल उपटायची. एकदा असा झटका बसला की तिचा उजवा हात कोपरापर्यंत बधिर झाला. तेव्हा कुठे मॅनेजर सुधाकररावांनी मला आणलं. बसवायला मावला गावचा मेकॅनिक नागेश आला. जाताना तो सुनयनाला म्हणाला, "अक्का, खड्डा कोरडा पडू देऊ नका, ओल्या मातीतच वीज मुरते. पाणी टाकत जा."

पहिल्या दिवशी माझं कौतुक झालं, मग सगळे विसरले. मला ना दिवा, ना आवाज. काही घडू न देणाऱ्याला शाबासकी कोण देणार? राग यायचा मला, खोटं कशाला सांगू! सुनयना मात्र न चुकता खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची.

यंदा हंगामाआधी, ती माहेरी गेली असताना, पटांगणात काँक्रीट घातलं. आड येते म्हणून कोणीतरी माझी हिरवी तार तोडली आणि छान गुंडाळून बाहेरच्या खिळ्याला अडकवली. खड्डाही बुजला. मला ओरडता आलं असतं तर!

सुनयना परतली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पहिली बैलगाडी कापूस घेऊन आलेल्या नागोरावांची होती. "ढग आले तरी आता भ्याव नाई," ती त्यांना म्हणाली, "डबी हाय न." कोणी माझ्यावर विश्वास ठेवू नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मग ती बादली घेऊन बाहेर गेली. खड्ड्याच्या जागी काँक्रीट पाहून थबकली. इकडेतिकडे पाहताना तिला खिळ्यावरची तार दिसली. ती आत आली, पण खुर्चीत बसली नाही; काट्यापाशी उभ्या सुधाकररावांना म्हणाली,

"सायब, तार तुटली हाय. जोडल्याशिवाय मी मशीनले हात लावत नाई."

"अवं, रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या, अन् तू तारेचं काऊन घेऊन बसली?" सुधाकरराव चिडले.

"हात माहा हाय न, सायब."

रांगेत कुरकुर झाली. पण नागोराव म्हणाले, "थांबा न सायब. आमी तवर बैलं सोडतो."

शेवटी सुधाकररावांनी फोन करून नागेशला बोलावलं. त्याने काँक्रीट फोडलं, खड्डा मोकळा केला, तार जोडली आणि घाईने आत आला. गाड्या पुन्हा काट्यावर चढू लागल्या. अजून कडाडत नव्हतं, म्हणून सुनयनाही कामाला बसली. आणि अचानक, पहिलीच वीज पटांगणापलीकडे कोसळली. केबलमधून लोंढा आला. जेवढा जमिनीत ढकलता आला तेवढा ढकलला, उरलेला अंगावर घेतला. मी आतून जळून गेलो.

सुनयनाची बोटं कीबोर्डवरच होती. तिने उजवा हात वर धरून पाहिला, मूठ मिटली, उघडली, आणि तिला रडू फुटलं.

सुधाकररावांनी मला उचलून हुंगलं. "हे तं एकाच झटक्यात गेलं. काय कामाचं?"

"ते गेलं म्हणून मी बोलून राह्यली, सायब," ती म्हणाली. सुधाकररावांनी मला अलगद टेबलावर ठेवलं.

मित्रांनो, वीज कडाडत असताना केबलला हात लावू नका, मशीनपासून लांब व्हा. आमच्या भरवशावर राहण्याआधी आमची तार मातीपर्यंत पोहोचते का, हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्या. आम्ही जळालो तर हळहळू नका, दुसरा आणून बसवा. पण त्याआधी, खुर्चीतलं माणूस सुखरूप आहे ना, तेवढं बघा.