पाच नंबरची पुडी

एकोणीसच्या पुरात माझा देवदत्त म्हशी सोडायला गोठ्यात गेला. म्हशी पोहून वर आल्या, तो आला नाही. सात वर्षं मी त्याचं कार्य करू दिलं नाही. यंदा माझ्या गुडघ्यांनीच हात टेकले, माझ्यामागं राहून जाईल म्हणून गुरुजींना म्हटलं, करा. देह नसला की पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात.

त्याची लेक सई पुण्यात संशोधन करते, ती आंध्रातून परस्पर सांगलीत आली. आपली कृष्णा समुद्राला मिळते तिथं ती जमिनीत नळ्या घालून गाळ काढत होती. नदीनं इकडून वाहून नेलेल्या गाळाची तिकडं नवी जमीन झालीय म्हणे. ती कधी झाली, कशी झाली, हे हिला शोधायचं. गाळातल्या काड्या, कोळसे चंदेरी कागदाच्या पुड्यांत बांधून, वर नंबर घालून तिनं माझ्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवले.

"जळणाला इथं तोटा हाय व्हय गं?"

"आजी, हात लावू नकोस. झाड मेलं की त्याच्यातला एका जातीचा कार्बन हळूहळू कमी होतो. उरलेला मोजला की ते कधी मेलं ते कळतं. पाच नंबरची काडी साठ फुटांखालची आहे, सगळ्यात तळाची. त्या थरात तेवढी एकच सापडली. ती गेली तर माझी चार वर्षं गेली."

"मेलेल्यांची वयं मोजती. तिशीला आलीस, सोताचं मोज."

ती हसली.

सकाळी गुरुजी पानांचे हातपाय बांधत होते. मला तो माणूस रिकामा दिसला. अस्थी नाही, केस नाही, माझ्या लेकाचं काहीच नाही. आणि कृष्णेत गेलेलं शेवटी जिथं जातं, तिथलं काहीतरी माझ्या फ्रिजमध्ये होतं. सई आंघोळीला गेली होती. आकडे वाचण्यापुरती शाळा मला झालीय. बुडालेला माणूस तळाला जातो, म्हणून तळाचीच काढली. काळी, बोटाएवढी. पानांच्या छातीत खोचली.

घाटावर अग्नी सईनंच दिला. पानं ती, भसकन पेटली.

घरी आल्यावर फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मग चंदेरी कागद उलगडल्याचा.

"आजी, पाच नंबरची पुडी रिकामी आहे."

"तुझ्या बापाला दिली."

ती अनवाणी घाटाकडं पळाली. मी मागनं रिक्षानं गेले, तर राखेत बसून एकेक कोळसा उचलून बघत होती. पळसाचे, समिधांचे, सगळे सारखेच काळे.

"ह्यातच असंल की गं कुठंतरी."

"असेल. कुठला ते सांग."

मी पण एक कोळसा उचलून बघितला. "किती जुनी व्हती?"

"तेच कळायचं होतं, आजी."

घाटावरच थांबलेला माझा दीर भाऊसो म्हणाला, "वैनी, गुरुजी खोळंबल्यात. राख आजच सोडायची हाय." सईनंच ती मडक्यात भरली, पाण्यात उतरली, सोडली. बापासाठी रडली की काडीसाठी, मी विचारलं नाही.

तिकडं पुन्हा खोदायला आता कोणी नेणार नाही, एवढंच ती पुण्याच्या गाडीत चढताना बोलली. माझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही. आता म्हणावं तर ती फोन उचलत नाही.